अकरा चिंचोके

मी जन्माची भित्री. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी म्हणायला नको की बाई उगाच तिखटमीठ लावतेय. विहिरीत वाकून बघायला मी भ्यायचे, फादरच्या कुत्र्याला भ्यायचे, तांदळाच्या पिंपात हात घातला की आतून कुणीतरी बोट धरेल म्हणून भ्यायचे. माय म्हणायची, हिला सावलीपण चावते. पण सगळ्यात जास्त मी भ्यायचे ती हॉकीच्या चेंडूला. तेव्हाचा चेंडू चामड्याचा असायचा, वरून पांढरा रंग दिलेला, आणि असा कडक की नडगीवर बसला तर माणूस पंधरा दिवस लंगडायचा. आमच्या घरात तो चेंडू देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर, मेणबत्त्यांच्या शेजारी ठेवलेला असायचा. तिन्हीसांजेला रोझरी म्हणताना माझं अर्धं लक्ष मारियाबाईकडे आणि अर्धं त्या चेंडूकडे असायचं.

बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला आमचं गावठाण. चर्चच्या मागे भातशेती, शेतीच्या पलीकडे खाजण आणि त्याच्या पलीकडे गोराईची खाडी. भाताची कापणी झाली की चर्चमागची दोन शेतं सपाट करायची, शेण-पाणी शिंपडून दगडी रूळ फिरवायचा, की झालं आमचं ग्राउंड. रविवारची चर्चमधली मिस्सा सुटली की कारखान्यातले, ऑफिसातले, भाजीवाले, मासेवाले सगळे चड्ड्या घालून हजर. आता जिथे आमच्या बिल्डिंगचा वॉचमन खुर्ची टाकून बसतो तिथे तेव्हा गोल होता. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि अजूनही गॅलरीतून खाली बघताना मला तिथे गाड्यांच्या मधून चुन्याच्या रेघा दिसतात. म्हातारपणी माणसाला असलंच काहीतरी दिसतं.

आमच्या गावाचा दिमाख फुलबॅकांचा. गोल मारणारे कुठेही मिळतात, अडवणारे आमच्याकडे या, असं आमचे लोक सांगायचे, आणि जरा जास्तच सांगायचे. ह्या दिमाखाची फळी आमच्या ओटीवर टांगलेली होती, कारण क्लब माझ्या आजोबांनी सुरू केलेला. आंब्याच्या लाकडाची काळी फळी, त्यावर पांढऱ्या रंगाने दहा नावं. गावात आजवर झालेले सगळ्यात मोठे दहा फुलबॅक, मेलेले आणि जिवंत सगळे एकत्र, मेलेल्यांच्या नावापुढे छोटा क्रूस. चौथा मोठा की पाचवा मोठा ह्यावरून मी म्हाताऱ्यांना एकमेकांच्या कॉलरी धरताना बघितलंय. कुणी म्हणायचा, तो उजवीकडून चेंडू काढायचा तसा कुणी काढला नाही. दुसरा म्हणायचा, काढायचा, पण पावसाळी ग्राउंडवर त्याचे पाय कुठे जायचे ते त्यालाच माहीत नसायचं. ज्यांच्याबद्दल हे चाललंय ते वीस वर्षांपूर्वी मातीत गेलेले. वरच्या दोन जागा मात्र खेळत असलेल्या फुलबॅकांच्या, कारण पहिल्या नंबराला काम असायचं.

ते काम असं. समोरच्या टीमला शॉर्ट कॉर्नर मिळाला की आपले सहा जण गोलच्या रेघेवर उभे राहतात. बाजूने चेंडू बाहेर सरकवतात, तिकडचा एक जण तो हाताने थांबवतो, आणि त्यांचा सगळ्यात जोरकस हिटर तो गोलकडे हाणतो. तो हाणायच्या आत आपल्यातल्या एकाने रेघेवरून सुटून सरळ त्याच्या अंगावर धावत जायचं असतं. ना तोंडाला काही, ना छातीला. तोंड फुटलं तर फुटलं. दुसऱ्या गावांत ज्याचे पाय जलद तो धावायचा. आमच्या गावात फळीवरचा पहिला धावायचा. मानाचं पान त्याला, म्हणून चेंडूपण पहिल्यांदा त्यालाच. कुणी नियम केला, माहीत नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

माझा पपा फुलबॅक. कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर होता, बोटं कायम काळी, आणि संध्याकाळी घरी आला की चहा पिऊन मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्यावर चेंडू मारायचा. टक, आणि परत येणारा टक. दोनशेपर्यंत. माय चुलीपुढे बोंबील भाजत असायची, बाटली मसाल्याचा खमंग वास सुटलेला, आणि ती म्हणायची, तो कठडा एक दिवस विहिरीत जाणार आणि मग पाणी आणायला तुझ्या क्लबाला पाठव. पपा हसायचा. रविवारी तो स्टिकला जवसाचं तेल चोळायचा आणि माझ्या नाकाला बोट लावायचा. तो उंच नव्हता, बोलका तर नव्हताच, पण रेघेवर उभा राहिला की गावाला वाटायचं दार लावून घेतलंय. हे इनास मास्तर म्हणायचे. ते शाळेतून रिटायर झालेले, म्हाताऱ्यांत सगळ्यात वडील, आणि फळीचे कारभारी. माझं अक्षर चांगलं म्हणून फळी रंगवायचं काम त्यांनी मला दिलं होतं. पण तो ब्रश हातात घ्यायलाही मी भ्यायचे. का, ते सांगते.

आधी पहिला नंबर होता जुरान. पहिला झाला त्याच वर्षी माडावरून पडला आणि गेला. त्याच्यानंतर मोतेस. मोतेस पहिला झाला, मीच त्याचं नाव वर काढलं, रंग वाळायच्या आत त्याने मला पेपरमिंट दिलं, आणि नाताळ यायच्या आत साध्या तापाने तीन दिवसांत आटोपला. त्याच्या नावापुढे क्रूस काढायला पण मीच. बारा वर्षांच्या मुलीला दोन आणि दोन जोडायला किती वेळ लागतो? पहिल्या नंबरावर जो चढतो तो वर्षभरात जातो, हे मला पक्कं कळलं होतं. इनास मास्तर स्वतः एके काळी चार वर्षं पहिले होते आणि सत्तरीला भाकरीबरोबर सुकी मिरची चावून खात होते, हे रोज डोळ्यांसमोर होतं. पण भीतीला जे बघायचं नसतं ते ती बघत नाही. मोतेस गेल्यावर जागा रिकामी झाली, आणि त्या जागेसाठी दोनच माणसं होती. एक बाजील काका, दुसरा माझा पपा.

बाजील काका म्हणजे पपाचा जिवाभावाचा दोस्त आणि माझा गॉडफादर. बाप्तिस्म्याच्या वेळी मी त्याच्या कोटावर मुतले, ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात सांगायचा. भाजीचा मळा होता त्याचा. दांडगा माणूस, मोठ्याने हसणारा, आणि पहिला नंबर त्याला हवा होता हे तो लपवत नव्हता. पपाला हवा होता की नाही, ते पपाच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही.

आगेऱ्याच्या दिवशी निवड व्हायची. आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण. सकाळी शेतातल्या पहिल्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, फादर आशीर्वाद देणार, मग प्रत्येकाने दोन-चार लोंब्या घरी आणून देव्हाऱ्याला बांधायच्या. दुपारी आमच्या ओटीवर म्हातारे जमायचे. मायने पहाटेपासून फुगे, म्हणजे आमचे गोल टम्म पाव, तळलेले, डुकराचं विंदालू आदल्या दिवशीचं, म्हणजे मुरलेलं. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे खिमाड, म्हणजे लवंग-दालचिनी घालून गरम केलेली आमची गावठी, चहाच्या किटलीतून कपबशीत ओतून प्यायची. रस्त्यावरून हवालदार गेलाच तर अकरा म्हातारे गंभीर चेहऱ्याने चहाला फुंकर मारताहेत. पहिल्या नंबराची निवड आरडाओरड करून नाही, चिंचोक्यांनी. अकरा म्हाताऱ्यांना एकेक चिंचोका, त्याला चुन्याचं बोट लावलेलं. आत स्वैपाकघरात दोन करवंट्या, एक पपाची, एक बाजील काकाची. एकेकाने आत जायचं, चिंचोका टाकायचा, बाहेर यायचं, आणि कुणाला टाकला ते मरेपर्यंत सांगायचं नाही. मोजायचं काम पोरीचं. मोठा माणूस मोजेल तर लबाडी करेल, पोराचे हात स्वच्छ, अशी आमच्या लोकांची समजूत.

"सेलू, मोज," इनास मास्तर म्हणाले. "शाळेत गणितात नापास झालीस तरी चालेल. इथे चुकून चालणार नाही."

मी आत गेले. स्वैपाकघरात कुणी नव्हतं, मायला अंगणात घालवलेलं. चुलीवर दुसरी किटली गरम होत होती आणि तिचं झाकण हळूहळू खडखडत होतं. मी चुलीकडे पाठ करून पाटावर बसले आणि पपाची करवंटी ओतली. सात. बाजील काकाची ओतली. चार. पुन्हा मोजले. सात आणि चार. माझ्या डोळ्यांपुढे फळी आली, वर पपाचं नाव, आणि त्याच्यापुढे माझ्याच हाताने काढलेला क्रूस. मी कसला विचार केला नाही, हे अगदी खरं सांगते. हात गेला, पपाचे दोन चिंचोके उचलले आणि बाजील काकाच्या करवंटीत टाकले. पाच आणि सहा. ज्या माणसाच्या कोटावर मुतले होते त्याला मी मरायला पुढे केलं, हे माझ्या लक्षात आलं ते टाकून झाल्यावर. परत काढावेत म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात बाहेरून मास्तरांची हाक आली. मी करवंट्या घेऊन उठले आणि वळले, तर चुलीवर किटली नव्हती.

नुसते निखारे. मागचं दार अर्धं उघडं. झाकणाचा खडखडाट कधी थांबला, मला आठवेना. माझ्या पाठीमागे कुणीतरी येऊन किटली उचलून नेली होती. माझा हात चालला त्याच्या आधी की नंतर, ते त्या माणसाला माहीत आणि देवाला.

ओटीवर जाऊन मी सांगितलं, "बाजील काका सहा, पपा पाच." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, मास्तरांनी दुसऱ्यांदा वदवून घेतलं. बाजील काकाने मला उचलून गरकन फिरवलं. "सेलू, माझं नाव मोठ्ठं काढ हां. लांबून वाचता आलं पाहिजे. माझ्या सासऱ्याला कमी दिसतं." सगळे हसले. पपापण हसला. "एका चिंचोक्याने जिंकलास, बाजील," तो म्हणाला. "तो एक माणूस मी शोधून काढणार आहे." पुन्हा सगळे हसले. मी किटली कुणाच्या हातात आहे ते बघत होते. किटली जमिनीवर होती, सगळ्यांच्या मधोमध, आणि प्रत्येकजण तिच्यातून ओतून घेत होता. पपाने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, हरला म्हणून.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते मला विचारा. कुणी हाक मारली की मी दाराआड व्हायचे. माय भात वाढता वाढता थांबली की मला वाटायचं, हिने बघितलं. इनास मास्तरांनी चर्चच्या दारात डोक्यावर हात ठेवला तर वाटायचं, आता मान धरणार. अकरा म्हातारे, माय, शेजारच्या बायका, कुणीही असू शकत होतं, आणि कुणीच काही बोलत नव्हतं. त्याने भीती जास्त वाढत होती. शनिवारी पापांच्या कबुलीला गेले. जाळीच्या पलीकडे फादर, खोकत होते. मी सांगितलं, मायला उलट बोलले, साखर चोरून खाल्ली. आणखी काही? फादरनी विचारलं. मी म्हणाले, नाही. कबुलीत लपवलेलं पाप दुप्पट होतं असं आम्हाला शिकवलेलं. म्हणजे आता पाप दुप्पट, आणि त्यावर मिस्सेत कम्युनियनचा प्रसाद घेतला तर तिप्पट. पुढच्या रविवारपासून मी पोट दुखतंय म्हणून बाकावर बसून राहायला लागले. माय ओवा चघळायला द्यायची.

आणि रोज शाळेतून येताना मी बाजील काकाच्या मळ्यावरून यायचे. वाट लांबची होती, पण तो उभा आहे, चालतोय, माठाच्या जुड्या बांधतोय, एवढं बघून घ्यायचं. खोकला तर माझे पाय तिथेच थांबायचे. "काय गं, रोज येतेस? मुळा पाहिजे?" तो विचारायचा. मुळा घेऊन यायचे. घरी मुळ्याची भाजी खाऊन खाऊन सगळे कंटाळले.

नाताळाच्या आधीच्या रविवारी मालाडकडच्या एका गावठाणाची टीम आली. त्यांचा हिटर रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये घण मारणारा. नाव आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगते. आठवतं, पण लिहीत नाही, कारण त्या माणसाने काही वाईट केलं नाही, तो खेळला. मी मायबरोबर रेघेपाशी गोणपाटावर बसले होते. शेवटची दहा मिनिटं, बरोबरीचा सामना, आणि त्यांना शॉर्ट कॉर्नर. आपले सहा जण रेघेवर. पपा डाव्या खांबाशी. बाजील काका मधोमध, एक पाय मागे, पळायच्या तयारीत. त्याने वळून आमच्याकडे बघितलं आणि मला डोळा मारला.

मी डोळे मिटले नाहीत. नेहमी मिटायचे, त्या दिवशी मिटले नाहीत. चेंडू सरकला, त्यांच्या माणसाने बसून हाताने थांबवला, बाजील काका सुटला. त्याची पाठ, मातीचे उडालेले खडे, समोर वर गेलेली स्टिक. आवाज झाला तो रोजचा टक नव्हता. ओला होता. बाजील काका दोन पावलं पुढे तसाच गेला आणि मग गुडघ्यांवर बसला, मिस्सेत बसतात तसा. चेंडू जमिनीवरून उठून डाव्या डोळ्यावर बसला होता. सगळ्यात आधी धावला पपा, आणि त्याच्या तोंडातून जो आवाज आला तो मी त्याच्या आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. फादरच्या गाडीत घालून त्याला इस्पितळात नेलं. मायने माझ्या तोंडावर पदर धरला होता, पण मी सगळं बघितलं होतं.

आठ दिवस जीव राहतो की नाही अशी धाकधूक. मी देवाशी सौदे केले. जिभेवर मीठ ठेवून गुडघ्यांवर बसले, नाताळच्या करंज्यांना हात लावला नाही. पपा कारखान्यातून परस्पर इस्पितळात जायचा आणि आला की ताटावर बसून तसाच उठायचा. विहिरीच्या कठड्यावरचा टक बंद झाला. घर एवढं गप्प झालं की चुलीतलं लाकूड फुटलं तरी आम्ही तिघं दचकायचो. मला वाटायचं, दोस्तासाठी जीव तुटतोय ह्याचा. आणि ह्याला जर कळलं की हे सगळं माझं काम, तर हा माझं तोंड बघणार नाही. मरणापेक्षा मला त्याचीच भीती जास्त होती.

जीव राहिला. डोळा गेला. महिन्याभराने बाजील काकाला घरी आणलं तेव्हा पपा मला घेऊन त्याला बघायला गेला. मी नको नको म्हणत होते. डोक्याला पट्टी, चेहरा अर्धा झालेला, खाटेवर उशीला टेकून बसला होता. मी दारातच थांबले. आज सांगायचंच, असं ठरवून आले होते. रात्रभर वाक्य पाठ केलं होतं.

"ये गं सेलू," तो म्हणाला. "कुठे होतीस? मुळे वाया चाललेत." मग हात उशीखाली घालून त्याने पेपरातलं एक कात्रण काढलं, इंग्रजी, दोन बोटांएवढं. सामन्याची बातमी, त्यात त्याचं नाव. "बघ. गावचा पहिला फुलबॅक म्हणून छापलंय. बापजन्मात कुणाचं छापून आलं नव्हतं." काकी पदराने डोळे पुसत होती. तो म्हणाला, "ही रडते. अगं, डोळे दोन असतात, पहिला नंबर एकच असतो." आणि मग मला, "फळीवर नाव फिक्कं झालंय म्हणे. परत काढ. मोठ्ठं काढ. आता मलाच कमी दिसतं."

माझं पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं. पपा खिडकीबाहेर बघत होता.

परत येताना आम्ही शेताच्या बांधावरून चाललो होतो. उन्हाची वेळ. पपा पुढे, मी मागे. त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच बहुतेक मला बोलता आलं.

"पपा, ते चिंचोके मी बदलले."

तो चालत राहिला. मला वाटलं ऐकलं नाही.

"पपा, पहिला तू होतास. मी तुझे काढून तिकडे टाकले. तू मरशील म्हणून. जुरानसारखा. मोतेससारखा."

"माहिताय," तो म्हणाला.

मी थांबले. तोपण थांबला, पण वळला नाही.

"किटली न्यायला आलो होतो. तुझा हात बघितला."

"मग बोलला का नाहीस?"

खाजणाकडून वारा येत होता. त्याने बांधावरचं एक ढेकूळ पायाने फोडलं. मग म्हणाला, "भ्यालो."

माझा पपा. ज्याच्याकडे बघून गावाला वाटायचं दार लावून घेतलंय.

"मोतेसची पेटी पुरायला नेताना खांद्यावर होती ना, तेव्हापासून," तो म्हणाला. "तुला काय वाटलं, जुरान नि मोतेस तुला एकटीलाच मोजता येतात? मी मनात म्हटलं, पोरीने टाळलंय ना, आपण कशाला मध्ये पडा. किटली उचलली नि गेलो. आणि मग त्या दिवशी रेघेवरून त्याला धावताना बघितला. मागून. ती धाव माझी होती, सेलू."

तो बांधावर खाली बसला आणि रडला. मी त्याच्या शेजारी बसले. तीन महिने जो एक माणूस मी शोधत होते तो माझ्याच ताटाला ताट लावून जेवत होता, आणि तो माझ्याएवढाच भ्यालेला होता. थोड्या वेळाने मी विचारलं, "काकाला सांगायचं?" त्याने नाक पुसलं. "काय सांगणार? डोळा गेला तो आमच्यामुळे, आणि नंबरपण तुझा नाही? डोळा घेतला, आता नंबरपण काढून घेऊ?" ते बरोबर होतं की सोयीचं होतं, मी आजवर ठरवू शकलेले नाही. घरी येऊन मी रंग कालवला आणि बाजील काकाचं नाव एवढं मोठं काढलं की खालची दोन नावं दाटीवाटीने बसवावी लागली.

त्या वर्षानंतर चिंचोके टाकणं बंद झालं. ज्याने डोळा दिला त्याचं नाव खाली आणायचं नाही, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं, आणि पहिला खेळत नाही म्हणून दुसऱ्याने धावायचं. म्हणजे पपाने. मायने हातापाया पडून बघितलं, मी तर तापच आणून घेतला, पण तो ऐकेना. चार सीझन तो प्रत्येक शॉर्ट कॉर्नरला धावला. धावायच्या आधी तो कपाळावर क्रूस काढायचा तेव्हा त्याचा हात थरथरायचा. लोकांना वाटायचं, काय भक्ती आहे. बाजील काका काळा चष्मा लावून रेघेपाशी खुर्चीत बसायचा आणि ओरडायचा, "खाली वाक रे पास्कल, खाली वाक." पपा खाली वाकायचा. दोन बोटं मोडली त्याची, एक दात गेला. बाकी काही झालं नाही. पहिल्या नंबराने कुणी मरत नव्हतं, हे मला कळलं, पण त्याचा आता कुणाला उपयोग नव्हता.

बाजील काका खूप जगला. मेला तेव्हा त्याच्या पेटीत काकीने ते कात्रण ठेवलं. पपा त्याच्यानंतर सहा वर्षांनी, इथेच, माझ्याकडे, चौथ्या मजल्यावर. शेवटी शेवटी पेज सोडून काही जात नव्हतं. फळी त्याच्या खाटेसमोर टांगली होती, तोच म्हणाला होता टांग म्हणून. वर बाजील, खाली पास्कल. बांधावरच्या त्या दिवसानंतर आम्ही दोघं त्या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो. एका सकाळी मी त्याचं तोंड पुसत होते.

"सेलू, किती होते गं?"

"काय किती?"

"चिंचोके. हात बघितला तुझा. आकडा नाही बघितला."

एवढी वर्षं ह्या माणसाने ते पोटात ठेवलं होतं. म्हटलं, आता जाता जाता कशाला कमी सांगा.

"नऊ," मी म्हणाले.

त्याने डोळे उघडले. "हट्. नऊ कसे होतील? त्या अकरांतले रेमेत आणि त्याचा भाऊ मला मेले तरी देणार नाहीत, आमचं बांधावरून भांडण. इनास मास्तर बाजीलचा मामा. दुमिंगला मी एकदा मिस्सेच्या कपड्यांत चिखलात पाडलेला. झाले चार." हात वर करायची ताकद नव्हती, तरी चादरीवर बोटं एकेक करून मिटत होती. "उरले सात."

"सात," मी म्हणाले. "सातच होते, पपा."

"मग," तो म्हणाला, आणि फळीकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, पेज दे, आणि त्यात जरा मीठ घाल.